हालाँगच्या उपसागरात अण्णांबरोबर

व्हिएतनामला जाऊन आलेल्या माझ्या ओळखीतल्या बहुतेकांनी हालाँगचा उपसागर एका दिवसात उरकला आहे. सकाळी हनोईहून बस, दुपारी चार-पाच तास बोट, एक गुहा, एक बेट, जेवण आणि रात्री परत हनोई. फोटो सगळ्यांचेच सुंदर येतात. तरीही कुणी विचारलं की मी आवर्जून सांगते, पैसे थोडे जास्त जाऊ देत, पण रात्र बोटीवरच काढा. डोंगर काय, दिवसाच्या सहलीतही दिसतात. तिथलं पाणी काय करतं ते कळायला मात्र एका दुपारपासून दुसऱ्या दुपारपर्यंतचा वेळ हवा. आणि ते पाणी आपल्या किनाऱ्यावरच्या पाण्यासारखं अजिबात वागत नाही.

हे माझ्या एकटीच्या लक्षात कधीच आलं नसतं. अण्णांच्या आलं.

अण्णा म्हणजे माझे वडील. हर्णैचे. उमेदीची सगळी वर्षं मच्छीमार बोटींवर इंजिन सांभाळलं. सत्तरी ओलांडल्यावर समुद्रावर जाणं थांबलं, पण सकाळी बंदरावर एक चक्कर मारल्याशिवाय त्यांना अजून चहा गोड लागत नाही. सुवर्णदुर्गाच्या आसपासचं पाणी कुठे किती खोल आहे हे त्यांना झोपेतून उठवून विचारलं तरी सांगतील. मी ठाण्यात नोकरी करते. त्यांना एकदा परदेशातला समुद्र दाखवायचा हे माझ्या मनात फार दिवसांपासून होतं, आणि 2024च्या नवरात्रात सुट्ट्या नीट जुळून आल्या. आई विमानाला काही केल्या तयार होईना, ती मावशीकडे राहिली.

महिनाभर आधी, 7 सप्टेंबरला, यागी नावाचं वादळ नेमकं याच किनाऱ्यावर आदळलं होतं. बंदरात उभ्या केलेल्या कितीतरी पर्यटक बोटी बुडाल्या होत्या. त्या बातम्या वाचून मी तिकिटं रद्द करायच्या बेतात होते. अण्णांनी शांतपणे विचारलं, "बोटी बंदरात बुडाल्या की बाहेर?" बंदरात, म्हटलं. "म्हणजे वेळेवर आत आणल्या होत्या. मग ती माणसं जबाबदार आहेत, बाय. जाऊया आपण." त्यांचा समुद्राबद्दलचा कुठलाही निर्णय मी आजवर मोडलेला नाही.

ज्याला सगळे सरसकट हालाँग म्हणतात तिथे खरं तर एकमेकांना लागून तीन उपसागर आहेत. मधला हालाँग, दक्षिणेला कातबा बेटाला बिलगलेला लानहा, आणि पूर्वेला बाय तू लाँग. सुंग सोतची मोठी गुहा आणि टिटॉप बेट मधल्या भागात आहेत, त्यामुळे सगळ्यात जास्त बोटी तिथेच. टिटॉप हे नाव सोव्हिएत अंतराळवीर गेरमान तितोवचं. 1962 साली हो ची मिन्ह यांनी त्याला इथे आणलं होतं, तेव्हापासून बेटाला ते चिकटलं. चारशेच्या वर पायऱ्या चढून वरून दिसणारं दृश्य अप्रतिम असतं म्हणतात. पण अण्णांचे गुडघे आणि ती गर्दी, दोन्हीचा विचार करून मी बाय तू लाँगची बोट निवडली. हा निर्णय मी पुन्हाही असाच घेईन.

हनोईहून हालाँग दीडशे-एकशे साठ किलोमीटर. 2018 साली नवा द्रुतगती मार्ग झाल्यापासून अडीच तासांत पोचता येतं. या रस्त्यावर बाख डांग नदीवरचा पूल लागतो. केबलवर पेललेला लांबलचक पूल, खाली चहाच्या रंगाचं पाणी. आमच्या गाडीतला गाइड, पंचविशीचा मुलगा, इथे बोलायला लागला आणि मी अण्णांना मराठीत सांगत गेले. 938 साली न्गो क्वेन या सरदाराने या नदीच्या तळात लोखंडी टोकांचे लाकडी खांब ठोकले. भरतीच्या पाण्यात खांब बुडालेले असताना चिनी आरमाराला हूल देऊन आत ओढलं, आणि ओहोटी लागल्यावर जहाजं त्या खांबांवर अडकली. तोच डाव 1288 साली चान हुंग दाव या सेनापतीने कुबलाई खानाच्या आरमारावर टाकला आणि मंगोल परत आले नाहीत. गाइडने तिथीसुद्धा सांगितली, त्यांच्या तिसऱ्या चांद्रमहिन्यातली अष्टमी.

अण्णा इतका वेळ खिडकीबाहेर बघत ऐकत होते. ते एकदम वळले. "अष्टमी? अष्टमीला कसं शक्य आहे? अष्टमीला भांग असतो."

कोकणात वाढलेल्यांना हे सांगायला नको, पण इतरांसाठी सांगते. आपल्याकडे पौर्णिमा-अमावास्येला उधाण येतं, पाणी खूप चढतं आणि खूप उतरतं. अष्टमीच्या आसपास भांग, म्हणजे पाण्याची हालचाल कमी. जहाजं खांबांवर चढवायची तर उधाणाचा दिवस धरायला हवा, भांगाचा नव्हे. ज्याला भरती कळते असा सेनापती अष्टमी का निवडेल? गाइडला मी हे विचारलं. त्याने उत्तरादाखल एवढंच सांगितलं, की आमच्याकडे पाणी दिवसातून एकदाच चढतं आणि एकदाच उतरतं.

"एकदाच?" अण्णा म्हणाले. "चोवीस तासांत?"

"हो, एकदाच."

नंतर हालाँग येईपर्यंत अण्णा काही बोलले नाहीत. अधूनमधून बोटांची पेरं मोजत होते. आपल्याकडे तिथीला पाऊणने गुणलं की पूर्ण भरतीची वेळ साधारण कळते, हा त्यांचा जन्मभराचा हिशेब. अष्टमीला आठ पाऊणे सहा, म्हणजे सहाच्या सुमारास भरती, बाराच्या सुमारास ओहोटी, पुन्हा सहाला भरती. आणि त्या दिवशी अष्टमीच होती, नवरात्रातली.

आमची बोट होन गाय बंदरातून सुटणार होती. होन गाय हे मूळचं कोळशाचं गाव. फ्रेंचांनी 1888पासून इथे खाणी चालवल्या, आजही समोरून कोळशाचे बार्ज जाताना दिसतात. डोंगरांवर वादळाच्या खुणा ताज्या होत्या. मोडलेली झाडं, तपकिरी पडलेली झुडपं. जेट्टीवर पासपोर्ट घेतले जातात, कारण रात्रीच्या प्रत्येक प्रवाशाची नोंद बंदराच्या कचेरीत होते. 2012पासून इथल्या पर्यटक बोटींना पांढरा रंग सक्तीचा केला, त्यामुळे बंदर पांढरंशुभ्र दिसतं. अण्णांना ते रुचलं नाही. बोटीच्या रंगावरून मालक ओळखता यायला हवा, असं त्यांचं म्हणणं, आणि हर्णैच्या रंगीबेरंगी बोटी आठवून मलाही ते पटलं.

बोट चढलो तेव्हा दुपारचे साडेबारा झाले होते. केबिनमध्ये बॅग ठेवल्या ठेवल्या अण्णांनी पलंगाखालची लाइफ जॅकेटं काढून पट्टे ओढून पाहिले, खिडकी पूर्ण उघडते का ते पाहिलं, मग बाहेर येऊन जिना आणि पुढचा डेक किती पावलांवर आहे ते चालून पाहिलं. एवढं झाल्यावर जेवायला बसले. हे मी मुद्दाम लिहिते आहे. 2011च्या फेब्रुवारीत टिटॉपजवळ रात्री नांगरलेली एक बोट पहाटे बुडून 12 माणसं गेली होती. नंतर नियम कडक झाले. आमच्या प्रवासानंतर, 2025च्या जुलैत, दिवसाच्या सहलीची एक बोट अचानक आलेल्या वादळात उलटली आणि तीसहून अधिक जीव गेले. ती बातमी वाचताना अण्णांनी लाइफ जॅकेटचा पट्टा ओढून पाहिल्याचं मला आठवलं. पाचच मिनिटांचं काम आहे. करा.

आता ते डोंगर. फोटोत कितीही पाहिले असले तरी बोट त्यांच्यामध्ये शिरते तेव्हा छातीत काहीतरी होतं. पाण्यातून सरळ उभ्या उठलेल्या करड्या भिंती, वर हिरवं रान, एकामागे एक, मागचा पुढच्यापेक्षा फिका. लहान-मोठी मिळून सोळाशेच्या वर बेटं आहेत असं धरतात, आणि हालाँगच्या व्यवस्थापनाच्या हिशेबात 1969. 1994 साली युनेस्कोने हा उपसागर जागतिक वारसा ठरवला, 2023 साली कातबा त्यात जोडलं. आपल्या कोकणचा काळा कातळ लाव्ह्याचा, सहा-साडेसहा कोटी वर्षांचा. हा चुनखडीचा, 25 ते 34 कोटी वर्षांपूर्वी समुद्राच्या तळाशी साचलेला, मग वर उचलला गेलेला आणि लाखो वर्षं पावसाने विरघळवून असे सुळके उरलेले. समुद्र यांच्यामध्ये शिरला तो अगदी अलीकडे, शेवटचं हिमयुग संपून पाणी चढलं तेव्हा. म्हणजे आपण बोटीतून जातो ती खरं तर बुडालेली दरी असते. म्हणूनच पाणी उथळ आहे, बहुतेक ठिकाणी दहा मीटरच्या आत-बाहेर. नांगर पडताना साखळी किती गेली हे अण्णांनी डोळ्यांनी मोजलं आणि मान हलवली.

नांगर टाकला तेव्हा दोन वाजून गेले होते. आमच्या डाव्या हाताला पन्नासएक हातांवर एक सुळका होता. अण्णांनी खुर्ची त्याच्या समोर ओढली. "आता हा कातळ आपलं घड्याळ," म्हणाले.

त्या वेळी सुळका थेट पाण्यातून वर आल्यासारखा दिसत होता. पायथ्याशी फक्त हातभर ओली काळी पट्टी. संध्याकाळी चारला पट्टी माणसाच्या उंचीची झाली आणि तिच्यात पांढरे ठिपके दिसायला लागले. कालवं! खडकाला चिकटलेली कालवं, अगदी आपल्या खडपांवर असतात तशी. पाचला सुळक्याच्या पोटातली खाच उघडी पडू लागली. इथल्या जवळजवळ प्रत्येक सुळक्याला पाण्याच्या पातळीवर अशी आत गेलेली खाच असते. लाटा, विरघळणारी चुनखडी आणि दगड पोखरणारे शिंपले यांनी मिळून हजारो वर्षांत ती कोरलेली. साडेपाचला सूर्य गेला, पाणी उतरतच होतं. सहा वाजले. अण्णांच्या हिशेबाने या वेळी भरती पूर्ण व्हायला हवी होती. पाणी उतरतच होतं.

वरच्या डेकवर तोवर संगीत सुरू झालं होतं, लोक फोटो काढत होते, कोणीतरी स्प्रिंग रोल वळायला शिकवत होतं. मीही जाऊन दोन वळून आले. अण्णा खुर्चीवरून हलले नाहीत.

इथे मी परत येऊन जे वाचून काढलं ते सांगते, कारण तेव्हा आमच्याकडे कोडंच होतं. हालाँग ज्यात येतं त्या टोंकिनच्या आखाताचा आकार आणि खोली अशी आहे, की दिवसातून एकदा येणाऱ्या भरतीला त्यात जोर चढतो आणि दोनदा येणारी दबून जाते. त्यामुळे पाणी साधारण बारा तास चढतं, बारा तास उतरतं. दुसरी गोष्ट त्याहून विलक्षण. इथलं उधाण पौर्णिमा-अमावास्येवर ठरत नाही. चंद्र आकाशात विषुववृत्तापासून उत्तरेला किंवा दक्षिणेला किती लांब गेला आहे त्यावर ठरतं. चंद्र लांब गेला की चढ-उतार साडेतीन-चार मीटरपर्यंत जातो, विषुववृत्तावर आला की पाणी जवळजवळ थिजतं. नवरात्रातल्या अष्टमीला चंद्र बराच दक्षिणेला असतो. म्हणजे हर्णैला भांग, त्याच दिवशी हालाँगला उधाण. 1288 सालची त्यांची तिसऱ्या महिन्यातली अष्टमी हाही असाच दिवस, फक्त चंद्र उत्तरेला. चान हुंग दावने नेमका दिवस धरला होता.

या भरतीने थेट इंग्लंडमध्येही डोकी खाजवायला लावली होती. टोंकिनमध्ये, म्हणजे उत्तर व्हिएतनाममध्ये, गेलेल्या एका इंग्रज खलाशाने तिथल्या भरतीची टिपणं पाठवली, ती खगोलशास्त्रज्ञ हॅलीने 1684 साली छापली, आणि न्यूटनने 1687च्या आपल्या ग्रंथात तिचा उलगडा करायचा प्रयत्न केला. दोन वेगवेगळ्या वाटांनी येणाऱ्या लाटा एकमेकींना खोडतात, असं त्याचं म्हणणं होतं. मी हे अण्णांना फोनवर वाचून दाखवलं तेव्हा त्यांनी दोनदा वाचायला लावलं.

रात्री जेवायला भाजलेली कालवं होती, वाफवलेला मासा होता, आणि माकुलाची, म्हणजे स्क्विडची, वडी. हालाँगची ही खासियत. माकुल खलबत्त्यात कुटून, थापून तळलेलं. अण्णांना ती इतकी आवडली की त्यांनी आचाऱ्याला हाताने कुटण्याची खूण करून विचारलं, आणि त्यानेही खुणेनेच हो म्हटलं. शाकाहारी मंडळींनी मात्र बुकिंग करतानाच स्पष्ट लिहावं, की माशाचा सॉसही नको. तो सॉस तिथे भाजीतसुद्धा असतो.

जेवणानंतर मागच्या डेकवर हिरवा दिवा पाण्यावर सोडून माकुल धरायला बांबूच्या काठ्या देतात. पर्यटकांना बहुधा काही मिळत नाही. अण्णांनी काठी घेतली, दोरी खाली सोडली आणि मनगटाच्या छोट्या झटक्याने वर-खाली करत राहिले. थांबायचं, झटका, थांबायचं. दिव्याच्या उजेडात बारीक मासळी घिरट्या घालत होती, आणि तिच्याखालून एक पारदर्शक आकार मागे मागे सरकत आला. अण्णांनी श्वास रोखला. झटका दिला तसं बोटभर लांबीचं माकुल वर आलं, शाई सांडत, अंगावरचे ठिपके लाल-तपकिरी होत, विझत, पुन्हा पेटत. बाजूला उभी असलेली कोरियन मुलं टाळ्या वाजवायला लागली. अण्णांनी ते सगळ्यांना दाखवलं आणि परत पाण्यात सोडलं. "लहान आहे," एवढंच म्हणाले.

तिथेच बोटीचा इंजिनवाला सिगारेट ओढत उभा होता. त्याने अण्णांचा हात ओळखला असणार. खूण करून खाली बोलावलं. मी मागोमाग गेले. इंजिनखोली अरुंद, गरम, पण तेलाचा थेंब जमिनीवर नाही. जनरेटर चालू होता. अण्णांनी त्याच्या पाइपावर तळवा ठेवला, कान दिला, अंगठा वर केला. मग बिल्जकडे, म्हणजे बोटीच्या तळातल्या पाणी साचायच्या जागेकडे, बोट दाखवलं. त्या माणसाने फळी उचलून दाखवली, तळ कोरडा. दोघांमध्ये एकही शब्द सामाईक नव्हता, तरी पाऊण तास त्यांचं बोलणं चाललं. इंजिन किती जुनं, फिल्टर कधी बदलतो, वादळाच्या दिवशी बोट कुठे होती. शेवटच्या प्रश्नाला त्याने दोन्ही हातांनी दोर आवळल्याची खूण केली आणि डोळे मिटून मान हलवली. वर येताना त्याने अण्णांच्या हातात हिरव्या चहाचा पेला दिला.

रात्री अकराला आम्ही पुन्हा सुळक्यापाशी. चंद्र केव्हाच डोंगराआड गेला होता. बोटी ठरवून दिलेल्या जागीच नांगरतात, त्यामुळे दूरवर आणखी पाच-सहा बोटींचे दिवे होते. त्या अंधुक उजेडातही दिसत होतं, की सुळका आता वेगळाच झाला आहे. खाली निमुळता, वर रुंद, खाच पूर्ण उघडी, आणि तिच्यातून पाणी ठिबकल्याचा आवाज. दुपारपासून पाणी सव्वातीन मीटर तरी उतरलं असेल, हा अण्णांचा अंदाज. कालवांच्या वरच्या रेघेपासून पाण्यापर्यंत त्यांनी नजरेने हात मोजले. "दुपारपासून उतरतंय," ते म्हणाले. "बाय, अर्धा दिवस सलग ओहोटी मी जन्मात पाहिली नाही."

मग ते बराच वेळ बोलत राहिले. त्यांच्या वडिलांच्या शिडाच्या होडीबद्दल, एकदा ओहोटी चुकून खडपावर होडी बसली त्याबद्दल, पुढची भरती यायला सहा तास कसे काढले त्याबद्दल. "इथे बसली असती तर बारा तास," म्हणाले. यातल्या निम्म्या गोष्टी मी पहिल्यांदा ऐकत होते. घरी आम्ही दोघं असे कधी बसत नाही. घरी टीव्ही असतो, शेजारी असतात, माझा फोन असतो. बोटीवर रेंज जेमतेम होती.

पहाटे सहाला डेकवर ताइ ची शिकवतात. ज्यांना हवं त्यांनी करावं. आम्ही चहा घेऊन सुळक्याकडे पाहत होतो. पाणी परत अर्ध्यावर चढलेलं.

नाश्त्यानंतर वुंग व्येंगला नेलं. हे डोंगरांच्या कुशीतलं तरंगतं कोळीवाड्याचं गाव. तराफ्यांवर लाकडी घरं, खाली पिंपांचा आणि तरंगांचा आधार. बांबूच्या विणीवर राळेचा लेप दिलेल्या होड्यांतून तिथल्या बायका फिरवतात. आमची होडी वल्हवणारी बाई अण्णांच्याच वयाची असेल. उभी राहून, तोंड पुढे करून, दोन्ही वल्ही रेटत होती. तिला श्वासही लागत नव्हता. कातळाच्या कमानीखालून जाताना ती थांबली, पाण्याकडे पाहिलं, वर कमानीकडे पाहिलं आणि गाइडला काहीतरी म्हणाली. आत्ता जाता येईल, तासाभराने डोकं लागेल, असा त्याचा अर्थ. अण्णांनी खुश होऊन मागे वळून तिला नमस्कार केला.

2014 साली सरकारने या तरंगत्या गावांतली कुटुंबं जमिनीवर हलवली, हालाँग शहराजवळच्या हा फाँगला घरं बांधून दिली. वादळाचा धोका, पाण्यातली घाण, मुलांची शाळा ही कारणं. कारणं खरी आहेत. यागीच्या दिवशी ही माणसं पाण्यावर असती तर काय झालं असतं, हा विचारही करवत नाही. गाइडमार्फत विचारलं तर बाई म्हणाली, नातवंडं शाळेत जातात, चांगलं आहे. ती स्वतः होडीत जन्मली, लग्न होऊन दुसऱ्या होडीत गेली. आता रोज सकाळी लाँचने कामाला येते, पर्यटकांना फिरवते आणि संध्याकाळी परत जाते. घरं उभी आहेत, राहत कोणी नाही. कमानीखालून केव्हा जायचं हे तिला पाणी बघून कळतं. तिच्या नातवाला ते कळणार नाही. हर्णैलाही आता पाऊणचा हिशेब किती पोरांना येतो? माझ्या भावाला येत नाही, मला त्या रात्री अण्णांनी तिसऱ्यांदा समजावला तेव्हा कुठे आला. गावं हलवणं बरोबर होतं असंच मला वाटतं. पण तिथल्या छोट्या संग्रहालयात जाळी आणि घमेली मांडली आहेत, तिथे या बाईला बसवून भरतीचं ज्ञान लिहून घ्यायला हवं होतं. अजूनही वेळ आहे.

पाण्यात काही ठिकाणी थर्माकोलचे तुकडे दिसले. कालवांच्या शेतीचे जुने तरंग आणि वादळात फुटलेले तराफे. बोटींवर एकदा वापरून फेकायच्या प्लास्टिकला 2019पासून बंदी आहे आणि आमच्या बोटीवर ती पाळली जात होती, काचेच्या बाटल्या होत्या. तरी खाचांमध्ये अडकलेला पांढरा भुगा काढायला खूप वर्षं लागतील.

थ्येन कान्ह सोनची गुहा लहान आहे, थोड्याच पायऱ्या, आत लवणस्तंभ आणि वरून उपसागराचं दृश्य. गुडघेदुखीवाल्यांनाही जमते.

नांगर उचलताना अण्णा पुढच्या डेकवर उभे होते. साडेदहा वाजले होते, पाणी पुन्हा काळ्या पट्टीपाशी पोचलं होतं, खाच बुडाली होती. म्हणजे चढलो तेव्हापासून उतरेपर्यंत एक ओहोटी आणि एक भरती, एवढंच. इंजिनवाल्याने खालून हात केला.

जाणाऱ्यांसाठी थोडं व्यवहाराचं. ई-व्हिसा ऑनलाइन मिळतो, एका प्रवेशाचे 25 डॉलर. मुंबईहून हनोईला थेट विमान आहे. ऑक्टोबर ते डिसेंबर हवा सगळ्यात चांगली, फेब्रुवारी-मार्चला झिमझिम पाऊस आणि धुकं असतं, जून ते सप्टेंबर वादळांचा मोसम. वादळाची सूचना असली की बंदर बंद करतात आणि फेरी रद्द होते, म्हणून हनोईतला एक दिवस मोकळा ठेवा आणि परतीचं विमान दुसऱ्याच दिवशीचं घेऊ नका. बुकिंग करताना नुसते केबिनचे फोटो बघू नका, बोट कुठल्या उपसागरात नांगरते ते विचारा. म्हाताऱ्या माणसांसाठी खालच्या मजल्यावरची केबिन मागा, जिना चढावा लागत नाही. आणि जायच्या आधी होन दाउ या भरती मोजणाऱ्या ठाण्याचं कोष्टक काढून घ्या, इंटरनेटवर सापडतं. ज्या दिवशी पाणी तीन मीटरच्या वर हलतंय तो दिवस धरा. आमचा दिवस नशिबाने तसा लागला. अण्णांनी पुढच्या वर्षाचं कोष्टक माझ्याकडून छापून घेतलं आहे. त्यांना आता लानहा बघायचं आहे, आणि या वेळी आईही येते म्हणते.